रस्ता ओलांडणाऱ्या बायका मोजायच्या कुणी?

रस्ता ओलांडणे हा काय स्त्रियांचा प्रश्न झाला, असे आपल्याच काही मैत्रिणी विचारतील. हुंडाबळी, मारहाण, बलात्कार, समान वेतन, घरजमिनीवरचा हक्क एवढे सगळे पुढ्यात असताना चौक, सिग्नल आणि पांढऱ्या पट्ट्यांवर संपादकीय कशाला? रस्त्यावर तर सगळेच चालतात. अंगावर येणारी मोटार समोर बाई आहे की पुरुष हे पाहून येत नाही.

हे खरेच आहे. पण मोटारीत कोण बसलेले असते आणि पायी कोण चालत असते हे पाहिले की प्रश्न वेगळा दिसू लागतो. लोक कामाला कसे जातात, हे आपल्या जनगणनेत पहिल्यांदा विचारले गेले ते २०११ साली. भारतीय शहरांतील स्त्रियांच्या प्रवासाविषयी जागतिक बँकेने २०२२ साली जी पुस्तिका काढली, तिच्यानुसार कामाला पायी जाणाऱ्या स्त्रिया ४५ टक्क्यांहून अधिक आहेत आणि पुरुष २७ टक्क्यांच्या आसपास. घरात एकच मोटारसायकल असेल तर ती कोण घेऊन जातो हे आपल्याला कोणत्याही पाहणीशिवाय ठाऊक आहे. शिवाय ही आकडेवारी फक्त मजुरीच्या कामाची. रेशन, दळण, पाणी, मुलांची शाळा, सासूचा दवाखाना, बचत गटाची बैठक यांसाठी बाई दिवसभरात जी पायपीट करते तिची नोंद कोठेच नाही, कारण ते काम म्हणून धरलेच जात नाही. घरकामाचे जे झाले तेच चालण्याचे झाले आहे.

या अंकात आपण हा प्रश्न एका गावाच्या निमित्ताने मांडत आहोत. पुण्याहून नगरकडे जाताना रांजणगाव गणपती मागे टाकले की कारेगाव लागते. शिरूर तालुक्यातले हे गाव आजही ग्रामपंचायतीचे. पण शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून ते खेडे राहिलेले नाही. व्हर्लपूल, एलजी, हायर, फियाट असे कारखाने या वसाहतीत आहेत. त्यांच्या आसऱ्याने मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबे आली, भाड्याच्या खोल्यांमध्ये राहू लागली. या कुटुंबांतील बायका कंत्राटावर जुळणीच्या कामाला जातात, कँटीनमध्ये आणि साफसफाईला जातात, धुणीभांडी करतात, भाजी विकतात. गावातल्या मूळच्या बायका शेतात जातात, मुली शाळा-कॉलेजला. आणि या सगळ्यांच्या येण्याजाण्यामधून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो. कंटेनर, ट्रेलर, हंगामात उसाच्या गाड्या, अष्टविनायकाला निघालेल्या मोटारी, कामगारांच्या बसगाड्या, सगळे त्याच एका चौपदरी रस्त्यावरून.

असा रस्ता शहरात असता तर निदान जाब विचारायला महापालिका असती. इथे महामार्गाचे खाते वेगळे, वसाहतीतले रस्ते एमआयडीसीकडे, वाहतूक पोलिसांकडे आणि गावातले दिवे ग्रामपंचायतीकडे. चौक मात्र या चौघांच्या हद्दींच्या सांध्यावर. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे अशीच ही जागा आहे. गर्दी शहराची, हक्क खेड्याचे, अशा अवस्थेतली गावे आज महाराष्ट्रात प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहेत. शिक्रापूर, सणसवाडी ही याच टापूतली नावे.

आता एक साधे गणित करून पाहू. चौपदरी रस्ता, मधला दुभाजक आणि दोन्ही कडांचे पट्टे धरले तर ओलांडायचे अंतर साधारण २२ मीटर होते. सिग्नलची वेळ ठरवताना अभियंते माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरतात. म्हणजे २२ मीटरला १८ सेकंद लागतात. पण हा माणूस धडधाकट, रिकाम्या हाताचा. कडेवर मूल असलेली, पोटुशी, डोक्यावर भारा किंवा पाटी घेतलेली, गुडघे दुखणारी बाई सेकंदाला ०.८ मीटर चालली तर तिला २७-२८ सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी १८ सेकंदांत ३०० मीटर आणि २७ सेकंदांत ४५० मीटर पुढे आलेली असते. म्हणजे दोन्ही बाजूंना तीनशे ते साडेचारशे मीटरपर्यंत रस्ता मोकळा दिसेल तेव्हाच तिने पाऊल टाकावे, अशी आपली अपेक्षा आहे. पुणे-नगर रस्त्यावर पाळी सुटण्याच्या वेळी असा मोकळा रस्ता मिळतो का? मिळत नाही. मग ती अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकापाशी थांबते, तिथे उभे राहायला जागा नसते, आणि पुढची संधी दिसताच पळते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, ‘महिला अचानक आडवी आल्याने’. ती अचानक आलेली नसते. बराच वेळ कडेला उभी असते.

याच गणितात उपायही आहे. दुभाजकाशी दीड-दोन मीटर रुंदीची, उंच कठड्याची, मूल घेऊन किंवा सायकल धरून उभे राहता येईल अशी थांब्याची जागा केली की बाईला एका वेळी अर्धाच रस्ता आणि एकाच दिशेची वाहने पाहावी लागतात. १८ सेकंदांचे ९ होतात, ३०० मीटरचे १५०. याला ना मोठा पूल लागतो ना कोट्यवधी रुपये. तरी हे होत नाही, कारण रस्त्याचा आराखडा करताना जे मोजले जाते त्यात ही बाई नसते.

कसे मोजतात ते समजून घेण्यासारखे आहे. रस्त्यावरच्या सगळ्या वाहनांचे रूपांतर ‘मोटारीत’ करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकानुसार एक मोटार म्हणजे एक, ट्रक किंवा बस म्हणजे तीन, सायकल म्हणजे अर्धी, बैलगाडी म्हणजे सहा ते आठ. बसमध्ये पन्नास बायका बसलेल्या असोत की ती रिकामी असो, ती तीनच. आणि पायी चालणारा माणूस? तो या कोष्टकात नाही. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी रस्त्यावर जागा सुटत नाही आणि सेकंदही सुटत नाहीत.

दुसरी मोजणी अपघातांची. महामार्गावरच्या पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते आणि तिच्या दुरुस्तीचा विचार होतो. म्हणजे चौकाने आधी आपली पात्रता सिद्ध करायची! २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. हे आकडे भयंकर आहेतच. पण स्त्रियांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट या मोजणीतून निसटते. ज्या चौकाची भीती वाटते तो चौक बाई ओलांडतच नाही. पलीकडच्या कारखान्यात पगार जास्त असूनही ती अलीकडच्या खोल्यांमध्ये धुणीभांडी करते. मुलीची शिकवणी बंद होते, कारण तिला सोडायला-आणायला घरात कोणी नाही. म्हातारी दवाखान्याची तारीख चुकवते. अंधार पडल्यावरची पाळी नाकारली जाते. या चौकात अपघात होत नाही, म्हणून कागदावर तो सुरक्षित ठरतो. घरात डांबलेली बाई रस्त्यावर सुरक्षित असते, हे तर्कट आपण चळवळीत फार वर्षे ऐकत आलो आहोत. रस्त्याची मोजणीही त्याच तर्कटावर चालते.

गंमत अशी की दुसऱ्या हाताने सरकार स्त्रियांना बाहेर पडा म्हणतेच आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. कारखान्यातल्या रात्रपाळीवरची बंदी महाराष्ट्राने २०१५ साली अटी घालून उठवली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ती वाट देशभर मोकळी केली. बाईची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची आणि ने-आणीची व्यवस्था हवी, असे त्यात म्हटले आहे. पण अर्ध्या तिकिटाची एसटी रस्त्याच्या पलीकडे थांबते आणि बसगाडीने फाट्यावर सोडले की पुढचा महामार्ग बाईने आपल्या जबाबदारीवर ओलांडायचा असतो. रात्री, दिव्याशिवाय. एक चौक ओलांडता येत नाही म्हणून सवलतही वाया जाते आणि हक्कही.

उपाय सुचवणाऱ्यांची कमतरता नाही. पहिला उपाय उपदेशाचा: पादचाऱ्यांनी काळजी घ्यावी. दुसरा पादचारी पुलाचा. पादचारी पूल म्हणजे चालणाऱ्याने वाहनाच्या वाटेतून बाजूला व्हावे यासाठी केलेली सोय. सहा मीटर चढायचे, सहा मीटर उतरायचे, गुडघेदुखीने, गरोदरपणात, डोक्यावर ओझे घेऊन. सायकल वर न्यायची कशी हे तर विचारायलाच नको. रात्री हे पूल निर्मनुष्य असतात आणि निर्मनुष्य बंदिस्त जागेत एकटीने शिरायचे नाही हे प्रत्येक मुलीला घरी शिकवलेले असते. मुंबईत २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला, पुढे इतर स्टेशनांबाहेरही झाले. त्यांतले किती दिवेलागणीनंतर बायकांना आपले वाटतात, हे तिथल्या मैत्रिणींना विचारून पाहावे. तिसरा उपाय शोभेचा. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई महापालिकेने दादर-माहीम भागातल्या सिग्नलवर चालणाऱ्या पुरुषाच्या आकृतीऐवजी फ्रॉक घातलेल्या बाईची आकृती बसवली. त्याचे कौतुक झाले. आकृतीला आमचा विरोध नाही. पण त्या आकृतीखाली उभ्या असलेल्या खऱ्या बाईला सेकंद किती मिळतात, याची तेवढी चर्चा झाली नाही.

कारेगावच्या बाबतीत हे सगळे आताच बोलायला हवे, कारण पुढच्या काही वर्षांत या रस्त्याचे रूप बदलणार आहे. पुणे ते शिरूर असा सुमारे ५३ किलोमीटरचा उन्नत मार्ग राज्य सरकारने मंजूर केला आहे आणि त्याचा खर्च साडेसात हजार कोटी रुपयांच्या घरात आहे. वाहतूक कोंडी सुटावी ही सगळ्यांचीच इच्छा आहे. कोंडीत अडकलेल्या एसटीत आपल्याच बायका असतात. पण लांबची वाहने वरून गेली तरी माणसे खालीच राहणार. वरच्या मार्गाचे खांब, चढ-उतार, खालचे सेवारस्ते, खांबाआड लपणारी वाहने, पुलाखालचा अंधार हे सारे चौकातच येणार. पुण्यात चांदणी चौकाच्या नव्या पुलांचे उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. वाहने सुटली, आणि पायी पलीकडे जाणाऱ्यांनी कोठून जायचे हा प्रश्न उद्घाटनानंतर पुढे आला. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल तर बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती तोच २०२० साली पाडावा लागला. पूल पाडण्याइतके पैसे ज्या राज्यात आहेत, तिथे चौकातल्या थांब्यासाठी नाहीत असे कोणी सांगू नये. मात्र ही मागणी आराखडा कागदावर असतानाच करावी लागते. काँक्रीट पडल्यावर ‘आता काही करता येणार नाही’ हे उत्तर ठरलेले असते.

मागायचे काय, हेही नेमके सांगितले पाहिजे. चौकात चारही बाजूंना जमिनीवरूनच ओलांडायची सोय हवी. पट्टे रंगवून भागत नाही. ओलांडायची जागा रस्त्यापेक्षा थोडी उचललेली हवी, म्हणजे वाहन आपोआप हळू होते. दुभाजकात थांब्याची जागा हवी. सिग्नल असेल तर त्याचे सेकंद सर्वांत हळू चालणारीच्या मापाने ठरावेत. डावीकडे केव्हाही वळण्याची मुभा चौकात नसावी, कारण हिरवा दिवा पाहून निघालेल्या बाईच्या अंगावर वाहन येते ते याच बाजूने. कंटेनरला वळायला मोठी गोलाई लागते हे मान्य. मग वळणाच्या कोपऱ्यात उंचावलेले बेट करावे, म्हणजे ओलांडण्याचे अंतर तुटते. बसथांबा ओलांडण्याच्या जागेच्या पुढे असावा, म्हणजे उतरलेल्या बायका बसच्या मागून जातील. पुढून जाताना बसआडचे वाहन दिसत नाही. दिवे ओलांडण्याच्या जागेवरच हवेत. आणि गावाच्या हद्दीत वेग कमी हवा. जिथे पायी, सायकलवरची माणसे आणि मोटारी एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा असावी, हे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात नमूद झालेले आहे.

सायकलीचाही विचार याच चौकात करायचा आहे. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या आणि बाजाराला, पाण्याला, कामाला स्वतःच्या वेळेने जाऊ लागल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्यावर शाळेत नाव घालणाऱ्या मुली सुमारे एक तृतीयांशाने वाढल्या. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पण सायकल देऊन मुलीला महामार्गाच्या चौकात ट्रेलरच्या डाव्या चाकाशी उभे करणे ही अर्धवट योजना झाली. पुण्यात, जे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, अनेक सायकल मार्ग नेमके चौकापाशी येऊन संपतात, म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच. कारेगावच्या चौकात सेवारस्त्याला लागून सायकलीचा वेगळा पट्टा आणि तो चौकातून पलीकडे नेणारी खूण हवी.

या मागण्या ट्रकचालकांच्या विरोधात नाहीत, हेही स्पष्ट करू या. चालक हा बहुधा परगावचा, अपुऱ्या झोपेचा, वेळेच्या दट्ट्याखालचा कामगार असतो. शिक्षा वाढवण्याच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला तेव्हा त्यांची भीती समजून घेण्यासारखी होती. अपघातानंतर एकाला तुरुंगात आणि एकीला स्मशानात पाठवून चौक जसाच्या तसा राहतो. जाब चौक आखणाऱ्याला विचारायला हवा, आणि कायद्यात तशी जागा आता आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना ठरलेल्या मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, तत्त्व किरकोळ नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पादचाऱ्यांविषयीचे नियम करण्यास राज्यांना मुदत घालून दिली.

परदेशांत जे झाले तेही सरकारांना आपोआप सुचलेले नव्हते. आज सायकलींसाठी नावाजलेल्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले मेली. त्यानंतर ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाने चळवळ उभी राहिली आणि लोकांनी रस्ते अडवले. व्हिएन्नात १९९१ साली दोन बाईमाणसांनी शहरातल्या स्त्रियांचे रोजचे चालणेफिरणे दाखवणारे छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. पुढच्याच वर्षी महापालिकेत स्त्रियांसाठी कचेरी झाली आणि नंतर मारियाहिल्फ भागात पदपथ रुंद झाले, दिवे वाढले, सिग्नल चालणाऱ्यांच्या सोयीचे झाले. सुरुवात झाली ती बायका कोठून कशा चालतात हे कोणीतरी मांडून दाखवले तेव्हा.

आपल्या गटांनाही सुरुवात इथूनच करता येईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत, २०१२ च्या आवृत्तीत, एक सूत्र आहे. तासाला ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्यायची आणि तिला तासाच्या वाहनसंख्येने दोनदा गुणायचे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा गुणाकार वीस कोटींच्या वर गेला तर तिथे ओलांडण्याची नियंत्रित व्यवस्था करणे योग्य ठरते. म्हणजे तासाला हजार वाहने जात असतील तर दोनशे माणसे पुरतात. चार मैत्रिणी, दोन वह्या आणि एक घड्याळ एवढ्यावर हे काम होते. सकाळी शाळेच्या वेळी आणि पाळी सुटताना मोजा. बायका, मुली, म्हाताऱ्या, सायकलवाल्या वेगळ्या लिहा. कोण किती वेळ थांबली ते लिहा. आणि मग वस्तीत जाऊन तेही विचारा जे सूत्रात नाही: कोण येतच नाही, आणि का?

ही वही घेऊन जायला आपल्याकडे जागा आहे. २००३ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. अनेक गावांत ही महिला सभा सह्यांपुरती उरते. तिथे चौकाचा विषय लेखी मांडा, ठराव घ्या आणि त्याच्या प्रती महामार्ग खाते, एमआयडीसी, पोलीस आणि तहसीलदार या सर्वांना द्या, म्हणजे बोट दाखवायला कोणी उरणार नाही. भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीय आणि परजिल्ह्यातल्या बायकांची नावे मतदारयादीत नसतील, त्यामुळे ग्रामसभेत त्यांना आवाज नाही. त्यांना बरोबर घेतल्याशिवाय ही मोजणी पुरी होणार नाही, कारण रोज दोन वेळा हा रस्ता ओलांडणाऱ्या बहुतेक त्याच आहेत.

कारेगाव, रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर इथल्या आणि राज्यातल्या इतर औद्योगिक वसाहतींच्या कडेच्या गटांना आमची विनंती आहे की १ मेच्या ग्रामसभेआधी आपापल्या एका चौकाची अशी मोजणी करावी आणि ती आमच्याकडे पाठवावी. आलेल्या सगळ्या वह्यांचा गोषवारा आम्ही पुढच्या अंकात छापू.